नाव काढायचा अर्ज

अर्ज भरावा तर तो हेडक्लार्कांनीच. हे मत खुद्द हेडक्लार्कांचं होतं, पण ते इतक्या ठिकाणी आणि इतक्या वेळा बोलून दाखवत, की पुढे पुढे लोकांनाही तसंच वाटायला लागलं. पाणीखात्याच्या तक्रार विभागात त्यांची एकवीस वर्षं गेली होती. नळाला चार दिवस पाणी नाही म्हणून रडकुंडीला आलेला माणूस समोर उभा असला, तरी हेडक्लार्कांची नजर आधी अर्जावर. एक रकाना कोरा दिसला की अर्ज परत. "रकाना रिकामा ठेवू नये हो," ते समजुतीच्या सुरात सांगत. मग तो तहानलेला माणूस घरी जाऊन रकाना भरून आणी.

तर अशा या माणसानं आपल्या एकुलत्या एका लेकीसाठी एक अर्ज भरला आणि त्यात असा घोळ घातला, की सांगता सोय नाही. तेच सांगायला बसलोय.

लेक सोळा वर्षांची. मार्क बेताचे, पण अक्षराचं भारी वेड. अक्षर म्हणजे हस्ताक्षर नव्हे हां, अक्षरं काढायचं वेड. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिनंच नावं काढलेली. 'साखर' गुबगुबीत, 'मीठ' कोरडं ठणठणीत, आणि 'मिरपूड' अशी की नुसती वाचून शिंक यावी. शाळा सुटली की ही कोपऱ्यावरच्या पेंटरकाकांच्या दुकानात. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. एकदा त्यांनी हेडक्लार्कांना रस्त्यात थांबवून सांगितलं, "साहेब, पोरीच्या हातात अक्षर आहे. माझ्याकडे बसू द्या तिला."

"अक्षर हातात राहून काय उपयोग? ते डोक्यात जायला हवं," हेडक्लार्क म्हणाले आणि घरी येऊन हे वाक्य बायकोला दोनदा ऐकवलं.

"बाबा, मला अक्षरं काढायला शिकायचंय," लेक म्हणाली.

"ती तू पहिलीतच शिकलीस!"

झालं. विषय संपला. लेकीला मोठ्या परीक्षेच्या क्लासला घालायचं ठरलं. आता एका बिऱ्हाडात असं काही ठरलं की अख्ख्या इमारतीला सल्ल्याची उबळ येते. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, तिचे केस कापा, सगळं पोषण केसांतच जातं. समोरचे विमाएजंट म्हणाले, टेबल भिंतीकडे तोंड करून ठेवा, खिडकीतून लक्ष सांडतं. पण शेवटचा शब्द वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा. ते रिटायर झालेले, बोलायला अगदी हळू. "त्या चार मजली क्लासलाच घाला," ते म्हणाले. "आमच्या चिरंजीवांनी तिथूनच आमचं नाव काढलं."

नाव काढलं! हेडक्लार्कांना हा शब्द फारच भावला.

क्लासची इमारत चार मजली. रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नाही. आत हजारभर मुलं असावीत, पण आवाज म्हणाल तर फक्त पेन्सिलींचा. खस, खस, खस. खोकलासुद्धा नाही. हेडक्लार्क या शिस्तीवर बेहद्द खूश झाले. "पाहिलंस?" त्यांनी लेकीला विचारलं, आणि आपण कुजबुजतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

अर्जासाठी तेरा खिडक्या होत्या, तेराही बंद. चौदावी जिन्याखाली, वळणावर. तिथे एक कारकून बसला होता. वय सांगता येणार नाही असा. त्याच्या बाह्यांवर, टेबलावर, कानाच्या पाळीवरसुद्धा खोडरबराची कसपटं. अर्ज सहा पानी. हेडक्लार्कांनी पेन काढलं आणि एकही खाडाखोड न करता तो असा भरला, की बघणाऱ्यानं शिट्टी वाजवावी. पाचव्या पानावर विचारलं होतं, 'पाल्याकडून आपली अपेक्षा (एका वाक्यात).' त्यांनी झोकात लिहिलं, 'मुलीने बापाचे नाव काढावे.'

त्याखाली 'पाल्याची संमती' असा एक इवलासा रकाना होता. लेकीनं मागून वाकून पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती. "मागे लोक थांबलेत, बाळा," हेडक्लार्क म्हणाले आणि स्वतःच 'हो' लिहून मोकळे झाले. मागे कुणीही नव्हतं.

कारकुनानं पाचवं पान बराच वेळ वाचलं. "नाव काढायचं?"

"काढायचंच!"

"अर्धवट चालणार नाही?"

"अर्धवट? अहो, सगळीकडे झालं पाहिजे. घरीदारी, ऑफिसात, नात्यागोत्यात."

"सगळीकडून," असं पुटपुटत कारकुनानं समासात लिहून घेतलं. हेडक्लार्कांना त्यातली व्याकरणाची चूक लगेच दिसली. पण आपण मोठं मन दाखवावं म्हणून ते गप्प राहिले. आयुष्यात दुसऱ्याची चूक त्यांनी तेवढी एकदाच सोडली. कारकुनानं लेकीच्या हातात एक पांढरा खोडरबर ठेवला. "हा हरवू नका," तो म्हणाला. "कामाचा आहे."

पहिल्या चाचणीत लेकीचे मार्क वीसनं वाढले. हेडक्लार्क पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आले, तर दारावरची पितळी पाटी कोरी. नाव कोरलेलं होतं हो त्यावर, खोल कोरलेलं! घासल्याची खूण नाही, ओरखडा नाही. बोट फिरवलं तर गुळगुळीत आणि उगीचच थंड. शिवणकामवाल्या बाई जिन्यातून डोकावल्या. "वहिनींचा हात जड आहे. पितळ एवढं घासायचं नसतं."

"मी महिनाभरात हात नाही लावलाय त्या पाटीला," बायको आतून म्हणाली.

दुसऱ्या चाचणीला आणखी पंचवीस. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या हजेरीपटावर सहाव्या आणि आठव्या माणसाच्या मध्ये एक कोरी ओळ. हेडक्लार्कांनी चिडून आपलं नाव लिहायला घेतलं. पेन छान चालत होतं. तारीख उमटली, वेळ उमटली, नावाच्या जागी मात्र नुसतं निब कागदावरून फिरलं. त्यांनी तीन पेनं बदलली. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तर त्यांच्याच हाताखालच्या पोरसवदा कारकुनानं अर्ज परत केला. "साहेब, अर्जदाराचं नाव नाहीये. रकाना रिकामा ठेवू नये, तुम्हीच शिकवलंत." आणि तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाचं नाव असं नाहीसं होतंय आणि कुणाला पत्ता नाही? अहो, पत्ता लागणार कसा? बायको त्यांना 'अहो' म्हणे. लेक 'बाबा'. ऑफिसात 'साहेब', इमारतीत 'हेडक्लार्क'. बायकोनं तर एकोणीस वर्षांत त्यांचं नाव उच्चारलं नव्हतं, आधी लाजेनं आणि मग सवयीनं. तिनं कपाटातून लग्नपत्रिका काढली. तिचं नाव होतं, तिच्या वडिलांचं होतं, कार्यालयाचा पत्ता होता. 'यांच्याशी' या शब्दाच्या अलीकडे मात्र बोटभर कोरी जागा. "म्हणजे मी कुणाशी लग्न केलं हो?" ती हसत म्हणाली, आणि मग तिचं हसू थांबलं.

"थांब, आत्याला विचारतो," हेडक्लार्क म्हणाले. आत्या त्यांच्या घरातलं शेवटचं वडीलधारं माणूस. तिनंच त्यांचं नाव ठेवलेलं. फोन लागला.

"कोण बोलतंय?"

"आत्या, मी बोलतोय."

"मी कोण?"

"अगं मी! आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखला की. तू आपला तो... अरे, तू..." मग पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. "थांब हं, जिभेवर आहे," आत्या घाबऱ्या आवाजात म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. हेडक्लार्कांनी स्वतःच ते नाव मोठ्यानं म्हणून बघायचं ठरवलं. तोंड उघडलं. जिभेवर काहीच नव्हतं.

लेकीचं काय चाललं होतं, ते सांगायचं राहिलं. लेक पहिल्या दहांत आली होती. ती आता हूं का चूं करत नसे. भिंतीकडे तोंड करून बसे आणि कागद दिसेल त्यावर पेन्सिलीनं गोल काढून तो काळा करी. उत्तरपत्रिकेत तेवढंच करायचं असतं ना. वर्तमानपत्राच्या कडेला गोल, दूधवाल्याच्या कार्डावर गोल. डब्यांवरची अक्षरं तिनं खोडरबरानं एकेक करून पुसली आणि तिथे चार-चार गोल काढले. बायकोनं त्या दिवशी दुधात मीठ घातलं.

"आज भाजी कुठली करू गं?" आई विचारी.

"पर्याय सांग," लेक म्हणे.

"बटाटा, कोबी, मटार, वांगं."

लेक डोळे मिटून विचार करी आणि म्हणे, "यांपैकी एकही नाही."

तिच्या टेबलाखाली रोज काळी कसपटं पडत. एकदा केर काढताना बायकोनं हेडक्लार्कांना हाक मारली. सुपलीत खोडरबराच्या चुऱ्यात एक वेलांटी पडली होती. चांगली शाबूत, काळीभोर, बारीकशी. शेजारी अर्धा काना. "हे तुमच्या नावातलं तर नाही?" बायकोनं दबक्या आवाजात विचारलं. हेडक्लार्क ती चिमटीत धरायला गेले, तर तिची भुकटी झाली.

तेव्हा मात्र ते पायात चपला न घालताच वर मास्तरांकडे गेले. इतक्या वर्षांत शंभरदा त्या दारात उभे राहिले असतील, पण दारावरची पाटी त्यांनी आज पहिल्यांदा नीट पाहिली. कोरी होती. गुळगुळीत. आणि त्यांना हेही उमगलं, की मास्तरांचं नाव आपल्याला माहीत नाही. इमारतीत कुणालाच माहीत नाही.

मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली. भिंतीवर चिरंजीवांचा पदक घातलेला फोटो. "सुरुवातीला जड जातं," मास्तर हळूच म्हणाले. "मग सवय होते. पत्रं येत नाहीत, एवढंच."

"आणि मुलगा?"

"मोठा माणूस झाला. मी फोन करतो की. तो विचारतो, कोण बोलतंय. मी सांगतो, मास्तर बोलतोय. तो म्हणतो, राँग नंबर." मास्तरांनी फोटोची काच पंच्यानं पुसली. "पण नाव काढलं हो त्यानं."

हेडक्लार्क जिना कसे उतरले, त्यांचं त्यांना कळलं नाही. आयुष्यात त्यांना एवढी भीती वाटली नव्हती. नाव गेलं तर गेलं, असं क्षणभर वाटलंसुद्धा. पण उद्या आपली लेक आपल्याला राँग नंबर म्हणेल, हे त्यांना सोसवेना. शेवटची सराव परीक्षा त्याच दुपारी तीनला होती. घड्याळात अडीच वाजले होते.

चौदाव्या खिडकीवर कारकून पेन्सिलीला टोक करत बसला होता. "अर्ज मागे घ्यायचाय!" हेडक्लार्क धापा टाकत म्हणाले.

"मागे घेण्याचा अर्ज भरा. अर्जदाराचं नाव?"

हेडक्लार्कांनी खिशातून काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं.

"नावाशिवाय अर्ज घेता येत नाही, साहेब. आपण तर जाणताच." कारकुनानं फाइल काढली. तिच्यात एक यादी होती आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. दार, हजेरीपट, लग्नपत्रिका, आत्या. "आपलं काम अगदी वेळेत चाललंय. एकच जागा राहिलीय."

"कुठली?"

"मुलीची आठवण. तेवढं आजच्या पेपरात होऊन जाईल."

"अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं! नाव काढणं म्हणजे... म्हणजे तिनं खूप मोठं व्हावं आणि लोकांनी म्हणावं, ही अमक्याची मुलगी!"

"अमक्याची," कारकुनानं मान डोलावली. "तसंच म्हणतील की."

हेडक्लार्कांनी खिडकीचे गज धरले. एकवीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला बाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते त्यांना त्या घटकेला समजलं. पण काही झालं तरी मुरलेला हेडक्लार्क. घाबरला तरी अर्ज वाचायचा विसरणार नाही. "पाचवं पान दाखवा," ते म्हणाले. तिथे तो इवलासा रकाना होता. "ही संमती पाल्याची नाही. हे अक्षर माझं आहे. दुसऱ्याच्या नावानं भरलेला रकाना ग्राह्य धरत नाहीत!"

कारकुनानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. "हे खरंय," तो जरा नाराजीनंच म्हणाला. "तिनं स्वतःच्या हातानं 'नाही' लिहिलं, तर अर्ज रद्द. पण उत्तर आधी सांगायचं नाही. विचारायचं फक्त." त्यानं ते पान फाडून दिलं. "तिला आजवर कुणी काही विचारलंय का?"

दालनात पेपर सुरू झाला होता. रांगांमागून रांगा. शेकडो मुलं, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या, सगळ्यांचे हात एकदमच सरकत होते. हेडक्लार्क बाकांमधून वाकून चालत गेले. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. लेक शेवटून तिसऱ्या बाकावर होती. डाव्या हाताखाली तो पांढरा खोडरबर, झिजून चण्याएवढा झालेला.

"बाळा."

लेकीनं मान वर केली. डोळ्यांत ओळख होती, पण पुसट. "वडिलांचे नाव?" तिनं विचारलं. आवाज तिचा नव्हता, तो छापील होता.

"मला आठवत नाही गं," हेडक्लार्क म्हणाले आणि तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसले. "ते राहू दे. मी तुला एक विचारायला आलोय. हे सगळं तुला हवंय का?"

"पर्याय?"

"पर्याय नाहीत. कोरी जागा आहे. तुला वाटेल ते लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर कोरीच ठेव. मी ओरडणार नाही."

कोरीच ठेव! हेडक्लार्कांच्या तोंडून हे शब्द पाणीखात्यानं ऐकले असते, तर खात्याला घेरी आली असती. लेकीनं पेन्सिल पानावर टेकवली. हात सवयीनं फिरला आणि एक छोटा काळा गोल झाला. आजूबाजूला सगळीकडे खस, खस. पेन्सिल त्या गोलावर अडून राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. मग थरथरत एक रेघ त्या गोलातून बाहेर पडली, आडवी सरकली आणि उभ्या दांडीला जाऊन भिडली. गोलाची गाठ झाली होती आणि गाठीचा 'न'. त्याला काना देऊन पुढचा 'ही' तिनं झपाझप काढला, वेलांटीला तिच्या नेहमीच्या डौलदार बाकासकट.

"नाही," तिनं मोठ्यानं वाचलं आणि तिला हुंदका फुटला. "बाबा, मला नव्हतंच यायचं इथे. मी तेव्हाच सांगणार होते."

"हो गं. चुकलो मी. साफ चुकलो," हेडक्लार्क म्हणाले. तेही रडत होते. दालनातल्या पेन्सिली एक क्षण थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या.

कारकुनानं पानावर 'रद्द' असा शिक्का मारला आणि तो चण्याएवढा रबर जमा करून घेतला. "आता माझं नाव परत?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"काढणं आमच्याकडे. परत लावायचा विभाग इथे नाही," असं म्हणून त्यानं खिडकी ओढून घेतली.

बापलेक तिथून निघाले ते थेट पेंटरकाकांच्या दुकानात. ते पाटीला अस्तराचा रंग देत होते. त्यांनी दोघांची तोंडं पाहिली आणि काही न विचारता लेकीच्या हातात ब्रश दिला. सुरुवातीला तिच्या हातून गोलच येत राहिले. एक पाटी भरली. पेंटरकाकांनी ती ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा तिच्यापुढे ठेवली. "घाई कुणाला आहे?" ते म्हणाले. तिसऱ्यांदा पुसल्यावर एका गोलाला दांडी फुटली, मग काना आला, मग मात्रा. लेकीचे खांदे सैल झाले. जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली, लहानपणी येई तशी. हेडक्लार्कांना एवढा आनंद कुठल्याही मार्कांनी झाला नव्हता, आणि हे ते पेंटरकाकांना मोकळेपणानं म्हणाले.

मग जरा घुटमळून त्यांनी लेकीला विचारलं, "बाळा, माझं नाव... तुला आठवतंय का गं?"

लेकीनं ब्रश बाजूला धरला, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं. हेडक्लार्कांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. बरं होतं नाव. त्यांना आवडलं.

"मग एवढं आपल्या दाराच्या पाटीवर काढून देतेस?"

लेकीनं डब्यातून दुसरा ब्रश उचलला, त्याचे केस बोटांनी नीट केले आणि तो त्यांच्या हातात दिला.

"तुमचं तुम्ही काढा, बाबा," ती म्हणाली. "मला माझं काढायचंय."

हेडक्लार्कांनी मदतीसाठी पेंटरकाकांकडे पाहिलं. पेंटरकाकांनी नुसतंच एक स्टूल पुढे सरकवलं. हेडक्लार्क त्यावर बसले आणि ब्रश कसा धरतात, ते त्यांनी आपल्या लेकीला विचारलं.